मीठ मागितलं की पीठ?

अण्णांना स्ट्रोक आला त्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात भेटायला येणाऱ्यांचे दोन पक्ष पडले. एकाचं म्हणणं, त्यांना ऐकू येत नाही. दुसऱ्याचं म्हणणं, डोक्यावर परिणाम झालाय. पहिल्या पक्षातले लोक खाटेशी वाकून मोठ्यानं बोलायचे. दुसऱ्या पक्षातले अण्णांच्या देखतच अण्णांविषयी बोलायचे, जणू ते तिथं नाहीतच. दोन्ही पक्ष चुकत होते, पण त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. अण्णा दिसायलाच तसे होते. हातपाय धड, तोंड वाकडं नाही, चालणं ठीक, आणि बोलणं अखंड. फक्त त्या बोलण्यात काही म्हणजे काही नव्हतं. सूर तासगावचा, हेल अण्णांचा, मध्येच ‘बघ की’, ‘म्हंजे कसं’ अगदी स्वच्छ, आणि त्यांच्यामध्ये ‘तिंबरवल’, ‘गोसुळं’ असले कुठल्याच भाषेत नसलेले शब्द.

हात लुळा पडला नाही म्हणूनच वेळ गेला. गावातल्या पहिल्या दवाखान्यात साखर कमी झाली असेल म्हणून सलाईन लावलं. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे आता आमच्या आळीत सगळ्यांना पाठ आहे. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. मिरजेला एमआरआय झाला तोवर ती वेळ टळली होती. न्यूरॉलॉजिस्टनी फिल्मवर बोट ठेवून दाखवलं: मेंदूची डावी बाजू, कानाच्या वरचा-मागचा भाग. हृदयाचे ठोके अनियमित पडत होते, तिथं गुठळी तयार झाली आणि डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीच्या खालच्या फांदीत जाऊन अडकली. वरच्या फांदीत अडकली असती तर बहुधा उजवा हात गेला असता आणि बोलणं तुटक झालं असतं, पण समजणं बऱ्यापैकी राहिलं असतं. खालच्या फांदीत उलटं होतं. फाइलवर लिहिलं होतं ‘वेर्निके अफेझिया’. अफेझिया म्हणजे मेंदूला दुखापत होऊन भाषाच बिघडणं. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरनं 1874 मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, असे रुग्ण पहिल्यांदा नीट मांडून दाखवले. त्याआधी 1861 मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोकानं ज्याच्या तोंडून ‘तान’ एवढंच निघायचं असा रुग्ण जगापुढं आणला होता. त्याला सांगितलेलं पुष्कळसं कळायचं, बोलता येत नव्हतं. अण्णा बोलत होते, त्यांना कळत नव्हतं.

कानाची तपासणी पहिल्यांदा झाली. वयाच्या मानानं उत्तम. ते आम्हालाही दिसत होतंच. कुकरची शिट्टी झाली की ते स्वयंपाकघराकडं बघायचे, फोन वाजला की माझ्याकडं द्यायचे, दारात मोटरसायकल थांबली की कोण आलं ते आवाजावरून ओळखून मान वळवायचे. आई रागावून बोलली तर तिचा राग कळायचा, ती काय बोलली ते नाही.

खरी उकल स्पीच थेरपिस्ट मॅडमकडं सुरू झाली. मी त्यांना जी पहिली तक्रार सांगितली ती दुकानातलीच होती. आमचं किराणा मालाचं दुकान. घरी आल्यावर काही दिवसांत अण्णा सवयीनं गल्ल्यावर येऊन बसले. एका बाईनं मीठ मागितलं, अण्णांनी पिठाचा पुडा पुढं केला. मी म्हटलं, मॅडम, त्यांना अर्थच कळत नाही. त्या म्हणाल्या, “यावरून तसं म्हणता येत नाही. मीठ आणि पीठ कानाला जवळजवळ सारखं. आणि दोन्ही स्वयंपाकघरातलं, दोन्ही पुड्यात, दोन्ही पांढरं. आवाज चुकीचा ऐकला की ऐकला बरोबर आणि अर्थाला पोचताना शेजारच्या घरात शिरले, हे या चुकीवरून सांगता यायचं नाही. आपल्याला दोन्ही गोष्टी वेगळ्या करून बघायला लागतील.”

पुढचे कित्येक महिने आम्ही हेच केलं.

आधी आवाज. मॅडम तोंडासमोर कागद धरून दोन शब्द म्हणायच्या आणि ते सारखे की वेगळे एवढंच अण्णांनी दाखवायचं. पण ‘सारखे की वेगळे सांगा’ ही सूचना तरी त्यांना कशी कळणार? म्हणून दोन पत्ते. एकावर दोन गोल, दुसऱ्यावर गोल आणि चौकोन. टाळी-टाळी वाजवून पहिला पत्ता, टाळी-घंटी वाजवून दुसरा. हे अण्णांनी चटकन पकडलं. नंतर शब्द. दार आणि मीठ, वेगळे. पाणी आणि पेन, वेगळे. इथवर ठीक. मग ‘दार–धार’, ‘गार–घार’, ‘पळ–फळ’ सुरू झालं आणि अण्णा कुठलाही पत्ता दाखवू लागले. चेहऱ्यावर गोंधळ नव्हता, हे मला जास्त लागलं. त्यांना दोन्ही खरंच एकच वाटत होते.

मराठीत हे फार गैरसोयीचं आहे. क-ख-ग-घ, त-थ-द-ध, अशा चार-चार जवळजवळच्या भावांची ओळ आपल्याकडं आहे आणि त्यांच्यातला फरक म्हणजे सेकंदाचे काही शतांश. आवाज गळ्यातून किती लवकर सुरू होतो, हवा किती जोरात सुटते, एवढाच. कानाच्या मागच्या त्या भागाला हेच बारीक काम असतं आणि तोच भाग गेलेला. एक गोष्ट मला यातून कळली ती फार उपयोगी पडली. आम्ही सगळे अण्णांशी हळू बोलायचं म्हणून शब्द ताणायचो: ‘मीऽऽऽठ’. मॅडमनी थांबवलं. शब्द ताणला की स्वर लांबतो, व्यंजन जेवढ्यास तेवढंच राहतं. अडचण तर व्यंजनाची. ओरडण्यानंही तेच: आवाज मोठा होतो, म आणि प यांतला फरक मोठा होत नाही. त्यापेक्षा शब्द नेहमीसारखा म्हणा, दोन शब्दसमूहांमध्ये थांबा, आणि समोर बसून बोला, म्हणजे ओठ दिसतील.

ओठांची मदत खरंच होते. जिरे आणि मिरे हा दुकानातला रोजचा घोटाळा ओठांनी सुटला, कारण म म्हणताना ओठ मिटतात, ज म्हणताना नाही. पण मीठ-पीठ सुटलं नाही. दोन्हीला ओठ मिटतात. आणि दार-धारला तर जीभ एकाच जागी, ओठ सारखेच उघडे. आरशासमोर मी स्वतः करून बघितलं. चेहऱ्यावर काही म्हणजे काही फरक दिसत नाही.

मग अर्थ. यासाठी शब्द अजिबात न वापरता फक्त चित्रं. वर पाट्याचं चित्र, खाली वरवंटा आणि लाटणं, जोडी कुणाशी? अण्णांनी वरवंटा दाखवला. चप्पल आणि पाय, कुलूप आणि किल्ली, कंदील आणि काडेपेटी. बहुतेक सगळं बरोबर. मध्ये एकदा विळीशेजारी कांदा आणि दगड होता, तिथं ते मॅडमकडं बघून चक्क हसले, काय पोरखेळ लावलाय असं. त्या दिवशी बाहेर आल्यावर मी आईला फोन करून सांगितलं, अण्णांच्या डोक्यातलं काही गेलेलं नाही.

मॅडमनी मला थोडं आवरलं. जवळजवळच्या वस्तू घेतल्या, चवळी, मटकी, हुलगा, तर चित्रांतही ते घसरत होते. पण महत्त्वाचं असं, की आज चुकलेलं चित्र पुढच्या वेळी बरोबर यायचं आणि आज बरोबर आलेलं चुकायचं. विशिष्ट प्रकारच्या डिमेन्शियात अर्थच झिजत जातो, तेव्हा गेलेली वस्तू प्रत्येक वेळी गेलेलीच असते. स्ट्रोकनंतरच्या अफेझियात बहुधा अर्थ जागेवर असतो, हवा तेव्हा हवा तोच उचलता येत नाही. हा फरक मला मोठा दिलासा देऊन गेला. अण्णांचा हात तागडीवर पडला की तो बघूनही ते कळायचंच. पाव किलो शेंगदाणे पशात घेतले की काट्यावर दोन-चार दाण्यांचाच फरक.

तिसरी चाचणी या दोन्हींना जोडणारी. चार चित्रं: कात्री, छत्री, सुरी, केळं. मॅडम म्हणणार ‘कात्री’. छत्रीवर बोट गेलं तर चूक आवाजाची. सुरीवर गेलं तर अर्थाची. केळ्यावर गेलं तर त्या क्षणी काहीच पोचलं नाही. मॅडमच्या वहीत बरोबर उत्तरांपेक्षा चुकांच्या खुणा जास्त बारकाईनं असायच्या. सुरुवातीला अण्णा तिन्हीकडं जायचे. काही आठवड्यांनी केळं बंद झालं. मग छत्री आणि सुरी यांत छत्रीचं पारडं जड राहिलं, म्हणजे मुख्य अडथळा आवाजाच्या दारात होता आणि अर्थाकडं जाणारी वाटही थोडी खचलेली होती. इथून मॅडमनी उपचाराची दिशा ठरवली.

बोलण्यातल्या चुकांनाही हीच फोड लावता यायची. साबुदाण्याला ‘सादुबाणा’ म्हणाले तर शब्द बरोबर सापडला, अक्षरं जुळवताना सांडली. मटकीला ‘मूग’ म्हणाले तर आवाज शुद्ध, शब्द शेजारचा. आणि ‘तिंबरवल’ म्हणाले तर काय कुठं चुकलं ते देवालाच ठाऊक. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला यातलं काही कळत नव्हतं. आपण बोललेलंही शेवटी कानानंच तपासायचं ना. ते छान बोलत राहायचे आणि समोरच्याला कळत नाही म्हणून समोरच्याचीच कीव करायचे. पुढं दोन-तीन महिन्यांनी ते अर्ध्यातच थांबायला, कपाळावर हात मारायला, चिडायला लागले. आई घाबरली, पूर्वी एवढे आनंदात होते, आता का चिडतात? मॅडमना मात्र हे हवंच होतं. चूक ऐकू यायला लागली होती.

बाहेरच्या बाकावर आमच्यासारखेच नेहमीचे लोक भेटायचे. एका शेतकऱ्याला सगळं कळायचं, पण ‘पाणी’ एवढा शब्द काढायला घाम फुटायचा. एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांची तऱ्हा सगळ्यांत वेगळी. तुम्ही म्हणाल ते वाक्य त्या हुबेहूब परत म्हणून दाखवायच्या, शुद्ध उच्चारात. सांगितलेलं कागदावर लिहायच्यासुद्धा. आणि त्याचा अर्थ विचारला की नुसत्या बघत राहायच्या. अण्णांना तर दोन अक्षरी शब्दही परत म्हणता येत नव्हता. म्हणजे आवाज शाबूत आणि अर्थाकडचा पूल तुटलेला असंही होतं तर. मॅडमनी सांगितलं, 1897 मध्ये एडिंबरोच्या बायरम ब्रॅमवेल या डॉक्टरनं अशाच एका बाईची नोंद केली आहे. तिला विचारलेला प्रश्न ऐकून कळायचा नाही, पण तो ती लिहून काढायची आणि स्वतःचंच अक्षर वाचून तिला कळायचा.

ही हकिगत आमच्या कामाची निघाली. अण्णांचं वाचनही बिघडलेलं होतं, पेपर हातात धरून ते फक्त पानं उलटायचे. पण एकेकटा लिहिलेला शब्द ऐकलेल्या शब्दापेक्षा जास्त वेळा पोचत होता. लिहिलेलं हवेत विरत नाही, पुन्हा बघता येतं. गल्ल्याशेजारी एक पाटी ठेवली. गिऱ्हाईक मागेल ते मी पाटीवर लिहायचो, ‘मीठ 1’, आणि तोंडानं म्हणायचो. ते पाटी बघायचे, माझे ओठ बघायचे, मग उठायचे. डब्यांवर ठळक चिठ्ठ्या लावल्या. उजवीकडची वरची फळी त्यांना दिसतच नव्हती, नजरेच्या त्या कोपऱ्यालाही त्याच जागेच्या दुखापतीचा धक्का होता, म्हणून रोजचा माल डावीकडं खाली आणला.

घरच्या अभ्यासात नाव आठवायचे दोन मार्ग शिकवले होते. एक, पहिलं अक्षर देणं. दुसरा, वस्तूभोवती फिरणं: कशाची जात, कशाला वापरतात, दिसतं कसं, कुठं ठेवतो, सोबत काय लागतं. पहिला मार्ग बाकावरच्या त्या शेतकऱ्याला जादूसारखा लागू पडायचा. अण्णांना नाही. ‘सा…’ म्हटलं की ते आत्मविश्वासानं ‘साखर’ म्हणायचे आणि साबुदाणा आणखी दूर जायचा. दुसऱ्या मार्गानं मात्र वाट मिळायची. पांढरा, गोल, भिजत घालतात, एकादशीला खप वाढतो, दाण्याचा कूट लागतो… एवढं झाल्यावर एकदा ते म्हणाले, “खिचडी. खिचडीचं ते. साबु… साबुदाणा.” आईनं हातातलं ताट तसंच खाली ठेवलं.

पाढ्यांचं प्रकरण मात्र पाहुण्यांच्या पचनी कधी पडलं नाही. आजोबांनी अण्णांना लहानपणी गल्ल्यावर बसवून पावकी, निमकी, दिडकी पाठ करून घेतली होती. दिडकी सुरू करून दिली की अण्णा एकही ठेच न लागता शेवटपर्यंत जायचे. आरत्याही तशाच. तेवढ्यावरून येणारा-जाणारा म्हणायचा, बघा, येतंय की सगळं, मनावर घेत नाहीत. पाठांतर गाडीला लागलं की आपोआप चालतं, त्यात प्रत्येक शब्द शोधावा लागत नाही. त्याच अण्णांना ‘सात’ एवढंच म्हणायचं असेल तर एकपासून चढत यावं लागायचं, आणि कधी कधी सातावर थांबायचं राहून जायचं.

‘हो’ आणि ‘नाही’ यांच्याबद्दल कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. अण्णा सगळ्याला हो म्हणायचे. सूर प्रश्नाचा आहे एवढं कळायचं, मग मान डोलवायची. बँकेतल्या कागदावर त्यांचा अंगठा नाही, सही हवी होती, आणि तिथल्या माणसानं विचारलं, “समजलं ना?” अण्णा म्हणाले, “हो.” मी कागद परत घेतला. त्यानंतर महत्त्वाचं काहीही विचारताना आम्ही उलटसुलट विचारतो, ‘चहा घ्यायचा?’, ‘चहा नको?’, आणि दोन्हींचं उत्तर जुळलं तरच धरतो.

तसाच अनुभव दाखल्याच्या वेळी आला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेचं अपंगत्व वेगळं धरलेलं आहे आणि त्याच्या व्याख्येत अफेझियाचं नाव घेतलेलं आहे. तरी खिडकीवरच्या माणसाचा प्रश्न होता, “बहिरे की मुके?” दोन्ही नाहीत म्हटल्यावर अर्ज बाजूला ठेवला. मॅडमनी कायद्यातलं ते कलम छापून दिलं, ते टाचून पुन्हा नेल्यावर पुढं सरकलं. कुणाला करायचं असेल तर पहिल्याच फेरीला टाचून न्या.

या सगळ्याचा उपयोग होतो का, असं लोक अजून विचारतात. होतो. 2016 साली जगभरातल्या 57 चाचण्यांचा, सुमारे तीन हजार रुग्णांचा एकत्र आढावा निघाला होता, त्यात थेरपी घेणाऱ्यांचं बोलणं, वाचणं, रोजचा संवाद न घेणाऱ्यांपेक्षा सुधारल्याचं दिसलं. आपोआप होणारी सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत जास्त असते हे खरं. म्हणून त्यानंतर थांबायचं, हे खरं नाही. अण्णांना पळ-फळ वेगळं ऐकू यायला लागलं ते त्या मुदतीच्या खूप नंतर. अडचण वेगळीच आहे: थेरपिस्ट तालुक्याच्या गावी नाहीत, आणि व्हिडिओ कॉलवर आवाज अडखळतो, ओठ मागून हलतात. ज्याला ओठांचा आधार त्याला तो कॉल म्हणजे शिक्षाच. आम्ही एसटीनंच जात राहिलो.

बऱ्यापैकी बोलता यायला लागल्यावर मी एकदा अण्णांना विचारलं, त्या दिवसांत आमचं बोलणं कसं ऐकू यायचं? बराच वेळ गेला. मग म्हणाले, “अथणीच्या बाजारात बसल्यागत.” तरुणपणी ते मालासाठी कर्नाटकात जायचे, कन्नड कधी शिकले नाहीत. माणसं बोलतायत, भाव करतायत, हसतायत, सगळं ऐकू येतंय. एक शब्द कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो, तेवढंच कळत नाही. “पण तिथं म्हाईत असायचं, आपण परगावी आलोय.” हे पुढचं वाक्य त्यांनी एका दमात, न अडखळता म्हटलं.

सध्या मॅडमनी वाक्यं घेतली आहेत. ‘मुलानं मुलीला बोलावलं’ आणि ‘मुलाला मुलीनं बोलावलं’. दोन्हीत शब्द तेच, नं आणि ला एवढीच अदलाबदल, आणि ती ऐकून दोनांपैकी बरोबर चित्र दाखवायचं. ‘मुलानं भाकरी खाल्ली’ लगेच जमतं, कारण भाकरी काही मुलाला खात नाही. पहिल्या जोडीत मात्र अण्णा अजून नशिबावर हवाला ठेवून बोट ठेवतात. दुकानात सकाळी ते एकटे बसतात, नेहमीची गिऱ्हाइकं आता आपणहून समोर उभी राहून, एकेक जिन्नस मागतात. शाळेतली पोरं तर स्वतःच पाटीवर लिहितात, आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर अण्णा पेन्सिल घेऊन सुधारून देतात. बाजाराच्या दिवशी गर्दीत त्यांना सोडत नाही. फोनवरच्या ऑर्डरी मीच घेतो.